निरीक्षण क्रमांक चार

कॉन्सेप्सिऑनमध्ये, बिओबिओ नदीच्या या काठी,
आमच्या सहकारी बँकेची खातेवही एका जागी राहत नाही.
दोन जागा हव्यात, आणि दोन्ही एकाच भेगेवर नकोत,
एवढं तर इथलं शेंबडं पोरही सांगेल.
म्हणून दुसरी जागा उत्तरेला, वाळवंटाच्या कडेला,
जिथे केबलला गंज चढत नाही.
इकडची नोंद तिकडे जाते;
तिकडून 'पोचली' आल्याशिवाय
खिडकीतला मुलगा पावती फाडत नाही.
त्या थांबण्याला लोक म्हणतात, सिस्टीम स्लो आहे.
चोवीस वर्षं मी ते थांबणंच बांधत आलेय.

नियमावली एकशे बारा पानांची.
पहिल्यांदा वाचली ती वैतागून.
दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा दिसलं:
प्रत्येक कलमाखाली
कुणाचे तरी बुडालेले पैसे आहेत.

नोंद पुसायची नाही.
चुकली तर उलटी नोंद घालायची,
मग चूक आणि दुरुस्ती एकाच पानावर नांदतात.
हे मला म्हातारे ओनोफ्रे सांगायचे,
ज्यांनी शाईच्या काळात रोजकीर्द लिहिली.
'रबर शाळेतच सोडून यायचं, पोरी.'

आणि चाव्या दोन.
जो पैसे सोडतो, त्याने मंजुरी द्यायची नाही.

मग ती रात्र. जमीन तीन मिनिटं थांबेना.
वीज गेली, जनरेटर लागला,
उत्तरेची तार तुटली,
उपग्रहाची वाट आपोआप उघडली.
सगळं कागदावर काढल्यासारखं,
मला माझाच संशय यावा इतकं नीट.

अडलं ते माणसापाशी.
दुसरी चावी एलाडिओ काट्रिलेओकडे,
एलाडिओ नदीपलीकडे,
आणि मधला पूल पाण्यात.

लोताच्या शाखेने फुटपाथवर टेबल मांडलं होतं.
खाणीत गेलेल्यांच्या बायका, अंगावर घोंगड्या,
पेन्शनची फाइल एका सहीसाठी ताटकळलेली.
पाणी विकत मिळत होतं, रोखीने.

पहाटे पाच सतराला मी आणीबाणीचं पाकीट फोडलं.
एलाडिओची चावीही मीच फिरवली.
'कारण' नावाचा एक रकाना आहे, तो मीच ठेवला होता.
त्यात लिहिलं: पूल पडला. तो पलीकडे. मी एकटी.
माझ्याच यंत्राने माझं नाव दोनदा टिपलं.
सोडणारी: ग्रिसेल्दा ओयार्सून.
मंजूर करणारी: तीच.

अकरा महिन्यांनी सान्तियागोहून तपासनीस आली,
फाबिओला उर्सुआ, वय तिशीच्या आत,
चहा दोनदा नाकारलेली.
नोंदी वरून खाली सरकवत होती. थांबली.
'हे पुसता आलं असतं?'
'नाही.'
'तुम्हालाही?'
'मला तर मुळीच नाही. ती सोय मीच बुजवली.'
बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज.

निरीक्षण क्रमांक चार, तिने लिहिलं:
दोन्ही चाव्या एका हाती. नियमभंग.
खाली, त्याच आकाराच्या अक्षरांत:
ताळा जमतो. एका पेसोचाही फरक नाही.
मला वाटलं, दुसरी ओळ पहिलीला खाऊन टाकेल.
नाही. दोन्ही तिथेच आहेत अजून,
माझ्या नावाखाली.

आता तिसरी चावी आहे, दूर दक्षिणेला, कोयाइकेमध्ये.
नोल्फा नावाच्या बाईकडे. मी तिला पाहिलेलं नाही.
महिन्यातून एकदा, न सांगता, रात्री तीनला
मी फोन लावते.
'नोल्फा, आहेस?'
'आहे.'
'चावी?'
'उशाशी.'
एवढंच. दोघी परत झोपतो, किंवा झोपत नाही.

मागच्या खेपेला फोन नऊ वेळा वाजला.
मागे कुत्रं भुंकत होतं, ती धापा टाकत होती,
म्हणाली, लाकडं आणायला गेले होते, शेगडी विझली.
मी म्हटलं, हरकत नाही.
आणि नोंद केली: नऊ.